गोठलेल्या मेंडोटावरचा हिवाळा

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याची राजधानी मॅडिसन हे शहर मेंडोटा आणि मोनोना या दोन सरोवरांमधल्या चिंचोळ्या भूपट्टीवर वसलेले असून, त्यांपैकी मोठे असलेले मेंडोटा सुमारे ४० चौरस किलोमीटर पसरलेले आणि सर्वांत खोल जागी २५ मीटरच्या आसपास खोल आहे. उन्हाळ्यात या सरोवराची मजा ज्यांचे काठावर घर आहे किंवा ज्यांची धक्क्याला नाव बांधलेली आहे, त्यांच्याच वाट्याला अधिक येते. परंतु डिसेंबर-जानेवारीत पाणी गोठले, की तेच सरोवर सर्वांना मोकळे असलेले मैदान बनते आणि उबदार बूट असलेला कोणीही त्यावर हक्काने वावरू लागतो. कडाक्याच्या थंडीतही तेथील सरोवराकाठच्या वास्तव्याला गोडी येते, ती मुख्यतः या बदलामुळे.

या मैदानाच्या घडणीमागे पाण्याचा एक विलक्षण गुणधर्म आहे. पाण्याची घनता ४ अंश सेल्सिअसला सर्वाधिक असल्यामुळे हिवाळ्याच्या तोंडावर गार होणारे वरचे पाणी खाली बसत राहते, आणि सगळा साठा त्या तापमानाला आला की त्याहून गार झालेले पाणी मात्र हलके ठरून वरच राहते. मग एखाद्या निरभ्र, वारा पडलेल्या रात्री त्यावर बर्फाची साय धरते. हा थर जाड होत गेला तरी खालचे पाणी द्रवरूपच राहत असल्याने मासे जगतात, त्यांच्या हालचाली मंदावल्या तरी ते खाणे सोडत नाहीत, आणि म्हणूनच बर्फावरची मासेमारी शक्य होते. त्यासाठी गिरमिटाने वीतभर रुंदीचे भोक पाडायचे, झाऱ्यासारख्या साधनाने त्यातला बर्फाचा चुरा उपसायचा आणि उपड्या बादलीवर बसून आखूड काठीचा गळ आत सोडायचा, एवढाच खटाटोप असतो. वाऱ्यापासून आडोसा हवा असेल तर ‘शँटी’ म्हणजे बर्फावर मांडायची खोपटी किंवा तंबू वापरतात. पर्च मासा मिळाला तर उत्तमच, पण तासन्‌तास रिकाम्या हाती बसणाऱ्यांचा उत्साह पाहता मासा हे बऱ्याचदा निमित्तच असावे.

ज्यांना वेगाची आवड आहे, त्यांच्यासाठी पोलादी पात्यांवर घसरणारी शिडाची बर्फनौका असते. घर्षण अत्यल्प असल्यामुळे ती वाऱ्याच्या वेगाच्या कित्येक पट वेगाने धावू शकते. विस्कॉन्सिन विद्यापीठही याच काठावर असल्याने थट्टामस्करीलाही हे मैदान पुरते. १९७९ मध्ये तेथील विद्यार्थी प्रतिनिधींनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याचे डोके आणि मशाल धरलेला हात एवढाच भाग बर्फावर उभारला, आणि जणू संपूर्ण पुतळा सरोवरात बुडाला आहे असा देखावा निर्माण केला.

नवख्या माणसाला धडकी भरते ती बर्फाच्या गडगडाटाने. तापमानातील चढउतारांमुळे बर्फ आकुंचन-प्रसरण पावून त्याला तडे जातात आणि त्यांचा आवाज दूरवर घुमतो. हा आवाज म्हणजे बर्फ खचण्याचीच खूण, असे मात्र नव्हे. खरी भिस्त जाडीवर आणि प्रतीवर ठेवावी लागते. पायी चालण्यासाठी नवा, पारदर्शक बर्फ किमान १० सेंटीमीटर जाड असावा असा संकेत आहे, तर हिम मिसळून गोठलेला पांढरा बर्फ त्याच्या निम्म्यानेच मजबूत धरला जातो. शिवाय याहारा नदी जेथे सरोवराला मिळते किंवा त्यातून बाहेर पडते, तेथील वाहत्या पाण्यामुळे थर पातळच राहतो.

मेंडोटा केव्हा गोठले आणि केव्हा मोकळे झाले, याच्या नोंदी १८५० च्या दशकापासून उपलब्ध आहेत. १८८०-८१ च्या हिवाळ्यात बर्फ १६१ दिवस टिकला होता, तर २००१-०२ मध्ये जेमतेम २१ दिवस. दरवर्षीचे आकडे वरखाली होत असले तरी एकंदर कल बर्फाचे दिवस घटण्याकडेच आहे, त्यामुळे ‘जानेवारी आहे म्हणजे बर्फ पक्का’ हा जुना हिशेब आता भरवशाचा राहिलेला नाही. शिक्षणासाठी किंवा नोकरीनिमित्त अशा प्रदेशात गेलेल्या मराठी मंडळींनी सरोवरावर जरूर उतरावे, मात्र इतरांच्या पाऊलखुणांवर विसंबू नये. स्थानिक जाणकाराला सोबत घ्यावे आणि भोक पाडून जाडी मोजल्याखेरीज पुढे जाऊ नये.