बेस जंपिंग : धोका नेमका कुठे असतो आणि शिस्त जीव कशी वाचवते?

युरोपच्या सहलीत युंगफ्राउयोखला जाताना तुमची गाडी कदाचित लाउटरब्रुनेन या स्विस खेड्यातून गेली असेल. दोन्ही बाजूंना शेकडो मीटर उंचीचे सरळसोट कडे, त्यांवरून कोसळणारे धबधबे आणि मधे हिरवी कुरणे. याच कड्यांवरून एखादा माणूस उडी मारताना दिसतो. काही सेकंद तो दगडासारखा खाली येतो, मग पॅराशूट उघडते आणि तो कुरणात उतरतो. पाहणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणते, "वेडे आहेत का हे लोक?"

डॉक्टर म्हणून मला दुसरे प्रश्न जास्त उपयोगाचे वाटतात. यात इजा कशी होते? ती कशाने टळते? झालीच तर पहिल्या काही मिनिटांत काय करायचे? परदेशात शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने "मी बेस जंपिंग शिकतोय" असे फोनवर सांगितले असेल, तर हे प्रश्न तुमच्या घरातले आहेत. तुम्ही सह्याद्रीत प्रस्तरारोहण करत असाल किंवा पॅराग्लायडिंग शिकत असाल, तर यातला बराच भाग तुमच्याही कामाचा आहे.

बेस जंपिंग म्हणजे काय?

विमानातून न उडता एखाद्या स्थिर, उंच जागेवरून पॅराशूट घेऊन उडी मारणे म्हणजे बेस जंपिंग. इमारत, अँटेना म्हणजे उंच मनोरा, पूल आणि डोंगरकडा या चार प्रकारच्या जागांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून हे नाव पडले. अमेरिकेतल्या कार्ल बोनिश यांनी १९७८ साली योसेमिटीच्या एल कॅपिटन कड्यावरच्या उड्यांचे चित्रीकरण केले आणि हा खेळ जगापुढे आला. त्याचे जनक मानले जाणारे हेच बोनिश १९८४ साली नॉर्वेत एका विक्रमी उडीनंतर लगेचच, पुन्हा उडी मारताना मरण पावले. अनुभव उपयोगी पडतो, पण तो चिलखत नव्हे, हे या खेळाने अगदी सुरुवातीलाच पाहिले आहे.

विमानातली उडी आणि ही उडी यांत फरक काय?

मुख्य फरक वेळेचा आहे. स्कायडायव्हिंगमध्ये माणूस साधारण ४,००० मीटरवरून उडी घेतो. त्याच्या पाठीवर दोन पॅराशूट असतात. पहिले बिघडले तर दुसरे उघडायला वेळ मिळतो. बहुतेकांकडे ठरावीक उंचीवर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे यंत्रही असते.

आता अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातला पेरीन पूल पाहा. नदीपासून त्याची उंची सुमारे १४८ मीटर आहे. पॅराशूट उघडलेच नाही, तर तिथून खाली पोचायला साडेपाच ते सहा सेकंद लागतात. उडीनंतर पहिल्या सेकंदात माणूस सुमारे ५ मीटर खाली येतो, दोन सेकंदांत २० मीटर आणि तीन सेकंदांत ४४ मीटर. तिसऱ्या सेकंदाला वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो. इतक्या कमी वेळात दुसरे पॅराशूट उघडण्याची सवड नसते, म्हणून बेस जंपर सहसा एकच पॅराशूट वापरतात. ते घडी करण्यात चूक झाली, तर ती सुधारायची संधी मिळत नाही.

दुसरा फरक जवळच्या कड्याचा. आकाशात पॅराशूट उलट्या दिशेला तोंड करून उघडले तर फारसे बिघडत नाही. कड्याशेजारी तसे झाले, तर माणूस थेट खडकाकडे जाऊ लागतो आणि वळायला एखाद-दोन सेकंदच मिळतात.

आकडे काय सांगतात?

नॉर्वेतल्या शेराग या कड्यावरच्या ११ वर्षांतल्या, १९९५ ते २००५ मधल्या २०,८५० उड्यांचा अभ्यास झाला आहे. त्यात ९ मृत्यू आणि जीव न गेलेले ८२ अपघात नोंदले गेले. म्हणजे साधारण २,३०० उड्यांमागे एक मृत्यू आणि सुमारे २५० उड्यांमागे एक दुखापत. स्कायडायव्हिंगच्या तुलनेत हा धोका पाच ते आठ पट असल्याचा अंदाज त्या अभ्यासकांनी मांडला.

एका उडीचा आकडा लहान वाटतो, पण हा खेळ कोणी एकदा करून थांबत नाही. वर्षाला शंभर उड्या मारणाऱ्याच्या बाबतीत तो धोका शंभर वेळा पत्करला जातो. दुसऱ्या एका अभ्यासात २००२ या वर्षासाठी असा अंदाज काढला गेला की खेळणाऱ्या साधारण ६० जणांमागे एकाचा त्या वर्षी मृत्यू झाला. अंगाला पंखांसारखा पोशाख घालून कड्याला चाटून जाणारे उड्डाण, म्हणजे विंगसूट, आल्यापासून मृत्यूंमध्ये त्याचा वाटा मोठा झाला आहे.

६८ अनुभवी जंपरांच्या पाहणीतही अशीच गोष्ट दिसली. त्यांतल्या ४० टक्क्यांहून अधिक जणांना कधी ना कधी गंभीर दुखापत झाली होती. सुमारे तीन-चतुर्थांश जण थोडक्यात बचावले होते आणि जवळपास तितक्यांनीच दुसऱ्याचा मृत्यू किंवा गंभीर अपघात डोळ्यांनी पाहिला होता.

शरीराला कुठे इजा होते?

सर्वाधिक इजा पायांना होते. वेगात किंवा चुकीच्या जागी उतरल्यावर सगळा भार टाच, घोटा आणि नडगीवर येतो. घोटा मुरगळण्यापासून टाचेच्या हाडाचा चुरा होण्यापर्यंत काहीही घडू शकते. उंचीवरून पायांवर पडलेल्या माणसाची टाच मोडली असेल, तर त्याचा मणकाही तपासायचा हा आमच्या शिक्षणातला जुना धडा आहे. टाचेतून निघालेला धक्का पाय आणि कंबर यांतून वर जातो आणि पाठीच्या खालच्या भागातला मणका दाबला जाऊन फुटू शकतो.

कड्यावर आदळल्यास डोके, छाती आणि कमरेभोवतीच्या हाडांचा सांगाडा धोक्यात येतो. हा सांगाडा मोडला की आत लिटरभराहून अधिक रक्त जाऊ शकते आणि बाहेर एक थेंबही दिसत नाही. प्लीहा किंवा यकृत फाटले तरी असेच होते.

आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे ॲड्रेनलिन. उडीनंतर ते रक्तात भरपूर असते आणि वेदना दबून जाते. "मी ठीक आहे" असे म्हणत माणूस उभा राहतो, हसतो आणि अर्ध्या तासाने कोसळतो. म्हणून जोरात आदळलेल्या माणसाने पुढीलपैकी काहीही जाणवल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे :

- टाचदुखीबरोबर पाठदुखी
- पायांत मुंग्या किंवा अशक्तपणा, जांघेत व बसण्याच्या जागी बधिरपणा, लघवी अडणे
- पोटात किंवा डाव्या खांद्याच्या टोकाशी दुखणे, चक्कर, घाम
- वाढती डोकेदुखी, उलटी, गोंधळलेले बोलणे
- पोटरी दगडासारखी घट्ट होणे आणि औषधानेही न थांबणारी वेदना
- श्वास घेताना छातीत दुखणे

कौशल्य कसे कमावले जाते?

बेस जंपिंगच्या पहिल्या शिकवणीआधी साधारण २०० स्कायडायव्हिंग उड्या झालेल्या असाव्यात, असा सर्वसाधारण दंडक आहे. प्रशिक्षकाला बांधून मारलेली उडी यात धरली जात नाही. इतक्या उड्यांची अट पॅराशूट हातात बसण्यासाठी असते. हवे तिथे उतरता येणे, वाऱ्याचा अंदाज, उघडल्या क्षणी दिशा बदलणे या गोष्टी विचार न करता हातून व्हायला हव्यात. भीतीच्या क्षणी लक्ष आकसते, बोटांचे बारीक काम बिघडते आणि मेंदू नवे काही शोधू शकत नाही. शंभरदा घोटलेली कृतीच त्या वेळी कामी येते.

पहिल्या उड्या बहुधा पुलावरून होतात, कारण पुलाखाली आदळायला भिंत नसते. पेरीन पुलावरून वर्षभर, वेगळा परवाना न घेता उडी मारता येते. त्यामुळे शिकणारे तिथे जातात. त्यानंतर कडा आणि पुष्कळ अनुभवानंतर विंगसूट. या पायऱ्या गाळणे हे अपघाताचे नेहमीचे कारण आहे. पॅराशूटची घडी स्वतः करणे, हेल्मेट, गुडघ्यांचे पॅड आणि घोट्याला आधार देणारे बूट हा या शिक्षणाचाच भाग आहे.

रीतभात : शिष्टाचार की सुरक्षा?

या लोकांचे काही अलिखित नियम आहेत. बाहेरून ते शिष्टाचार वाटतात. डॉक्टरच्या नजरेतून पाहिले तर त्यांतले बरेच प्रतिबंधक उपचारच आहेत.

*आधी स्थानिकांना विचारा.* नव्या जागी गेल्यावर तिथे नेहमी उडी मारणाऱ्यांना भेटायचे. दुपारी वारा कुठून फिरतो, कड्याचा कोणता भाग खाली पुढे आलेला आहे, तारा कुठे आहेत, हे त्यांनाच ठाऊक असते.

*फोन करून मगच उडी.* लाउटरब्रुनेनच्या खोऱ्यात बचाव हेलिकॉप्टरचा तळ आहे. हेलिकॉप्टर आणि पॅराशूट एकाच वेळी हवेत आले तर दोघांचाही घात. म्हणून उडीआधी तळाला कळवण्याची पद्धत आहे.

*उभ्या गवतात उतरू नका.* तिथले गवत म्हणजे शेतकऱ्याच्या गाईंचा हिवाळ्यातला चारा. ते तुडवणाऱ्याला दुसऱ्या वर्षी कुरणात पाय ठेवू देणार कोण? कापलेल्या कुरणातच उतरायचे आणि उतरण्याच्या जागेसाठी ठरलेले शुल्क भरायचे. उतरायला चांगली जागा टिकली तर घोटे टिकतात, एवढा सरळ हा संबंध आहे.

*जागा बंद पाडू नका.* योसेमिटीत १९८० साली थोडा काळ परवानगी होती. नियम मोडले गेले आणि ती काढून घेतली गेली. बंदी आली की लोक पहाटे किंवा रात्री, अपुऱ्या उजेडात, घाईने आणि मदत जवळ नसताना उड्या मारतात. उलट वेस्ट व्हर्जिनियात ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी २६७ मीटर उंच पुलावर उघडपणे उड्यांचा दिवस भरतो आणि खाली नदीत बचावाच्या होड्या तयार असतात.

*"आज नको" म्हणणाऱ्याला हसू नका.* हा मला सर्वांत मोलाचा नियम वाटतो. तीन तास चढून कड्यावर पोचल्यावर वारा बदललेला असतो, सोबती तयार असतात, कॅमेरा सुरू असतो. अशा वेळी पायवाटेने खाली उतरणाऱ्याचा मान राखणारा गट आणि त्याला डिवचणारा गट, यांच्यातला फरक पुढे अपघातांत दिसतो.

*अपघात लपवू नका.* या खेळातल्या मृत्यूंची यादी जंपरांनीच ठेवली आहे. कोण, कुठे, काय चुकले हे त्यात लिहिले जाते. मृत मित्राची चूक लिहिणे जड जाते, पण रुग्णालयातल्या मृत्यूंचा आढावा आम्हीही याच कारणासाठी घेतो.

अपघात झालाच तर

1. वर थांबलेल्यांना उडी थांबवायला सांगा. युरोपात ११२ आणि स्वित्झर्लंडच्या हवाई बचावासाठी १४१४ क्रमांक लावा. भारतात ११२ किंवा १०८.
2. पॅराशूट आधी गोळा करून दाबून ठेवा. वाऱ्याने किंवा येणाऱ्या हेलिकॉप्टरच्या झोताने ते फुगले तर जखमीला फरपटत नेईल.
3. वाहते रक्त घट्ट दाबून थांबवा.
4. श्वास चालू आहे ना ते पाहा. नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा.
5. उभे करू नका, बसवू नका, हेल्मेट ओढू नका. मान आणि पाठ सरळ राहू द्या.
6. खालून आणि वरून पांघरूण घाला. खायला-प्यायला काहीही देऊ नका.
7. माणूस झाडाला किंवा कड्याला हार्नेसमध्ये लटकला असेल, तर त्याला पाय हलवत राहायला सांगा. नुसते लटकून राहिल्यानेही शुद्ध हरपू शकते आणि जीव जाऊ शकतो. प्रशिक्षित माणसांनी सोडवल्यावर त्याला आडवे झोपवावे. बसवून ठेवण्याचा जुना सल्ला आता दिला जात नाही.

मनाचे काय?

मित्राला समोर पडताना पाहिलेला माणूस महिनाभराने झोप न लागणे, तेच दृश्य पुन्हा दिसणे, चिडचिड किंवा कशातच मन न लागणे याची तक्रार करत असेल, तर त्याला मानसोपचाराची गरज आहे. "तो तर धाडसी आहे, त्याला काय होतंय" असे समजू नका. दुःख बुडवण्यासाठी लगेच पुढची उडी मारायला निघालेल्याला थांबवणे हेही मित्रांचे काम आहे.

घरच्यांनी काय विचारावे?

"सोडून दे" असे म्हटल्यावर मुले बहुधा खेळ सोडत नाहीत, सांगणे सोडतात. त्यापेक्षा हे विचारा : किती स्कायडायव्हिंग उड्या झाल्या? शिकवते कोण? शेवटचे "आज नको" कधी म्हणालास? उडीच्या दिवशी कुठे आहेस हे कोणाला माहीत असते? आणि विमा : प्रवासविम्याच्या अनेक पॉलिसींमध्ये असे खेळ वगळलेले असतात, तेव्हा अटी पूर्ण वाचल्या आहेत का?

तिसऱ्या-चौथ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले, तर मूल निदान विचार करणाऱ्या माणसांच्या संगतीत आहे. उत्तर टाळले गेले, तर बोलणे तिथूनच सुरू करा. धोका यातून शून्यावर येणार नाही, हे त्यालाही कळू द्या आणि तुम्हीही धरून चाला.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. दुखापत झाल्यास प्रत्यक्ष तपासणीला पर्याय नाही. आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या.*