पुढच्या चाकातून खटखट येतेय? बॉल जॉइंट घरी बदलता येतो, पण प्रेस लावण्याआधी हे वाचा

पावसाळा संपला की तालुक्यातल्या गॅरेजपुढे रांग लागते आणि निम्म्या गाड्यांची तक्रार एकच असते. खड्ड्यातून गेलं की पुढून खटखट वाजतं, स्टेअरिंग सैल वाटतं, टायर एका बाजूने झिजतोय. बऱ्याच वेळा यामागे बॉल जॉइंट असतो. गावात ज्यांच्याकडे पाने-हातोडे आहेत आणि ट्रॅक्टरची कामं घरीच करायची सवय आहे, त्यांना हे काम जमण्यासारखं आहे. मात्र यात चूक झाली तर चाक चालत्या गाडीखालून बाहेर दुमडतं. म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

बॉल जॉइंट म्हणजे आपल्या खुब्याच्या सांध्यासारखी रचना. वाटीत गोळा, गोळ्याला दांडी, वर रबरी टोपी आणि आत ग्रीस. वाटी सस्पेन्शनच्या आर्ममध्ये बसते, दांडी चाकाच्या नकलला जोडलेली असते. त्यामुळे चाक वर-खालीही होतं आणि वळतंही. टोपी फाटली की चिखल आत जातो, ग्रीस निघून जातं आणि गोळा वाटीत खेळायला लागतो. झीज फार झाली तर गोळा वाटीतून निसटतो. खटखट ही त्याची आगाऊ सूचना असते. ती गाण्याचा आवाज वाढवून दाबू नका.

आधी खात्री करा. पुढचं चाक उचला, टायरखाली पहार घालून वर-खाली करा आणि दुसऱ्या माणसाला जॉइंटवर बोट ठेवायला सांगा. खेळ असेल तर बोटाला लगेच कळतो. चाक वर-खाली धरून हलवल्यावर हलत असेल तर एकाला ब्रेक दाबायला लावा. ब्रेक दाबल्यावर हलणं थांबलं तर दोष बेअरिंगचा, नाही थांबलं तर जॉइंटकडे बघा. एक बारीक गोष्ट इथं चुकते. ज्या गाडीत दोन आर्म आहेत आणि स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलीय, तिथं जॅक त्या खालच्या आर्मखाली लावायचा, नाहीतर जॉइंटवर दाब राहतो आणि खेळ दिसतच नाही. शॉकअब्सॉर्बरभोवती स्प्रिंग असलेल्या नेहमीच्या छोट्या कारमध्ये उलट आहे, जॅक चेसीला लावून चाक लटकू द्यायचं.

तुमच्या गाडीला प्रेस लागतो का, हेही आधीच बघा. काही गाड्यांत जॉइंट बोल्टने बसवलेला असतो, काहींत रिव्हेटने. काहींत तो आर्मचाच भाग असतो आणि आर्म अख्खा बदलावा लागतो. पुढेही पाटे असलेल्या जुन्या जीपला बहुधा किंगपिन असतो, तो विषयच वेगळा. प्रेस लागतो तो आर्मच्या भोकात दाबून बसवलेल्या जॉइंटला.

हा प्रेस म्हणजे इंग्रजी सी अक्षरासारखी जाड लोखंडी चौकट, तिच्यातून जाणारा मोठा स्क्रू आणि सोबत वेगवेगळ्या मापाच्या वाट्या. स्क्रू फिरवला की एक वाटी जॉइंटला ढकलते आणि समोरची वाटी आर्मला आधार देते. हातोड्याने ठोकून जे काम वाकडं होतं, ते इथं सरळ होतं. सगळा खेळ वाट्या बरोबर निवडण्यात आहे.

कामाला सुरुवात सपाट, कडक जमिनीवर करा. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि गाडी उचलल्यावर चेसीखाली जॅक स्टँड, म्हणजे गॅरेजवाल्यांची घोडी, लावल्याशिवाय खाली डोकं घालू नका. विटांची रास चालणार नाही, वीट फुटते. दोन आर्मची गाडी असेल तर खालच्या आर्मखाली दुसरा जॅक लावून काम संपेपर्यंत तसाच ठेवा. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये एवढा जोर असतो की जॉइंट सुटताच आर्म खाली फेकला जातो. त्या ठिकाणी हात असेल तर तो वाचत नाही. याबद्दल मनात शंका असेल तर काम तिथंच थांबवून मिस्त्रीकडे जा, त्यात कमीपणा नाही.

चाक काढा, गंजावर तेल मारून तासभर सोडा. दांडीचा नट स्प्लिट पिन काढून सैल करा, पण पूर्ण काढू नका. दांडी टेपर असेल तर ती नकलमध्ये घट्ट चिकटलेली असते. नकलच्या ज्या कानात ती बसलीय त्याच्या बाजूवर हातोड्याचे दोन-चार घाव घाला, म्हणजे सुटते. दांडीच्या टोकावर मारू नका, आटे जातात. बऱ्याच छोट्या कारमध्ये दांडी टेपर नसते, आडव्या बोल्टने आवळलेली असते. तो बोल्ट दांडीच्या खाचेतून जातो, म्हणून नुसता सैल करून भागत नाही, पूर्ण बाहेर काढावा लागतो. नकल बाजूला घेताना ब्रेकची नळी आणि सेन्सरची वायर ताणू नका, एक्सलही जास्त बाहेर ओढू नका.

आता लॉक रिंग असेल तर ती काढा आणि जॉइंट कोणत्या बाजूने आत गेलाय ते बघा. एका बाजूला कडा असते, तो फक्त त्याच दिशेने बाहेर येतो. आधाराची वाटी जॉइंटच्या कडेपेक्षा मोठी हवी आणि ती आर्मवर सपाट टेकली पाहिजे. ढकलणारी वाटी भोकापेक्षा लहान हवी. स्क्रूच्या आट्यांना ग्रीस लावा, डोळ्यांवर चष्मा घाला, चौकटीच्या समोर तोंड ठेवून उभे राहू नका. मोठा आवाज करून जॉइंट सुटतो, दचकू नका.

भोक स्वच्छ पुसून नवीन जॉइंट लावा. काही जण तो रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतात, किंचित आक्रसतो आणि सोपा जातो. घरात आधी सांगून ठेवा एवढंच. दाब नेहमी जॉइंटच्या बाहेरच्या कडेवर द्या. मधल्या पत्र्यावर किंवा रबरावर दाब आला तर नवा जॉइंट बसतानाच खराब होतो. मी पहिल्यांदा केलं तेव्हा वाटी लहान घेतली आणि जॉइंट पत्रा दबून वाया गेला. पहिल्या दोन फेऱ्यांनंतर थांबून चारी बाजूंनी बघा. तिरका जात असेल तर बाहेर काढून पुन्हा सरळ करा, जोर लावून सरळ होत नाही.

जॉइंट हाताने किंवा दोन हलक्या टोल्यांत आत गेला तर खूश होऊ नका. भोक मोठं झालंय, म्हणजे आर्म गेला. अशा वेळी वेल्डिंगचे दोन टाके मारून द्यायची पद्धत आपल्याकडे आहे. त्या उष्णतेने आतलं ग्रीस आणि प्लास्टिकचं अस्तर जळतं, आणि टाका कधी तुटेल त्याचा भरवसा नाही. आर्मच बदला. बुशही गेले असतील तर तसंही अख्खा आर्म घेणं परवडतं.

शेवटी नवी लॉक रिंग खाचेत पूर्ण बसली का बघा. नट कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने आवळा. स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल तर नट थोडा पुढे आवळून जुळवा, मागे सोडून नाही. पिन नवीनच घाला. आर्म काढला असेल तर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना पक्के करा, नाहीतर बुश पिळलेल्या अवस्थेत राहून लवकर फाटतात.

प्रेस विकत घ्यायचा नसेल तर मधला मार्ग आहे. आर्म घरी काढून लेथवाल्याकडे न्या. ज्याच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे तो पाच-दहा मिनिटांत जॉइंट बसवून देतो. दोन्हीपैकी काहीही केलं तरी तालुक्याला जाऊन व्हील अलाइनमेंट करून घ्या आणि आठवडाभर गाडी चालवल्यावर चाक उचलून नट आणि पिन एकदा परत बघा.