वैरागहून विमानापर्यंत : साथीच्या काळातला प्रवास

1 मार्च 2020 रोजी दुबईची सहल आटोपून पुण्याचं एक जोडपं मुंबई विमानतळावर उतरलं आणि टॅक्सी करून घरी गेलं. 9 मार्चला दोघांचे कोरोना चाचणीचे अहवाल पॉझिटिव्ह आले. महाराष्ट्रातली ही पहिली नोंद. दुसऱ्याच दिवशी आणखी तिघांना लागण झाल्याचं कळलं. त्यांची मुलगी, विमानातला एक सहप्रवासी आणि मुंबईहून पुण्याला आणणारा टॅक्सीचालक. या चालकाने ना दुबई पाहिली होती, ना विमानात पाऊल ठेवलं होतं. बंद गाडीतली काही तासांची सोबत तेवढी घडली होती.

साथ विमानातून आली, हे त्या आठवड्यात घरोघर पाठ झालं. टॅक्सीचालकाची नोंद मात्र बातम्यांच्या गर्दीत मागे पडली. वैरागसारख्या गावातून विमान गाठायला निघणाऱ्यांसाठी खरा धडा त्या नोंदीत आहे.

बार्शी तालुक्यातलं वैराग हे बार्शी-सोलापूर रस्त्यावरचं बाजाराचं गाव. सोलापूर इथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, पुणे मात्र दोनशेहून अधिक. 2020 मध्ये सोलापुरातून प्रवासी विमानसेवा नव्हती. शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा लेकीच्या बाळंतपणासाठी परदेशी निघालेल्या माणसाला बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर करत पुणे गाठावं लागे, किंवा सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्स्प्रेस धरून मुंबई. दिल्लीचं विमान दोन तासांत पोचवायचं, पण त्या विमानाच्या पायरीपर्यंत जायलाच अर्धा दिवस जायचा. प्रवासातला मोठा वेळ गाडीत, फलाटावर आणि रांगेत जात असेल, तर साथीच्या काळात काळजीही आधी तिथलीच करायला हवी.

विमान थांबलं की काय काय अडतं, हे कळायला मार्च 2020 उजाडावा लागला. 22 मार्चपासून आंतरराष्ट्रीय आणि 24 च्या मध्यरात्रीपासून देशांतर्गत प्रवासी उड्डाणं बंद झाली. परदेशात अडकलेल्यांसाठी 7 मे रोजी ‘वंदे भारत’ मोहीम सुरू झाली. लंडनहून तीनशेहून अधिक भारतीयांना घेऊन एअर इंडियाचं विमान 10 मेच्या पहाटे मुंबईत उतरलं. 25 मे रोजी देशांतर्गत सेवा पुन्हा सुरू झाली, तेव्हा राज्य सरकारने मुंबईला दिवसाला फक्त 25 विमानं उतरवायची आणि 25 सोडायची मुभा दिली. उतरलेल्या प्रवाशाच्या डाव्या हातावर शिक्का बसे आणि 14 दिवस घरात राहणं बंधनकारक असे. 2019 मध्ये भारतात देशांतर्गत विमानांनी सुमारे 14.4 कोटी लोकांनी प्रवास केला होता. 2020 मध्ये हा आकडा 6.3 कोटींवर आला.

त्याच उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यात एक वेगळीच चर्चा चालू होती. आषाढी वारी पायी निघणार नाही हे ठरल्यावर संतांच्या पादुका पंढरपूरला न्यायच्या कशा? विमान, हेलिकॉप्टर किंवा बस, असे तिन्ही पर्याय सरकारने मांडले होते. अखेर 30 जूनला पादुका मोजक्या वारकऱ्यांसह एसटीने पंढरपूरला आल्या.

प्रवासी घरी बसले, तरी विमानांचं काम संपलं नव्हतं. 12 जानेवारी 2021 च्या पहाटे पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून कोविशिल्ड लशीचे तीन ट्रक पूजा करून लोहगाव विमानतळाकडे निघाले. त्यांत 478 खोकी होती, प्रत्येक 32 किलोचं. त्या दिवशी चार विमान कंपन्यांच्या नऊ उड्डाणांनी 56.5 लाख मात्रा दिल्ली, चेन्नई, कोलकाता, गुवाहाटी, शिलाँग, पाटणा अशा तेरा शहरांकडे पाठवायचं नियोजन होतं. चारच दिवसांनी, 16 जानेवारीला, देशभर लसीकरण सुरू झालं. वैरागला पुण्याची लस रस्त्याने एका दिवसात येऊ शकत होती, शिलाँगला नाही. लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये जपावी लागते. वाटेत जितके दिवस कमी, तितकी ती बिघडायची भीती कमी. पुढे 24 फेब्रुवारीला ‘कोव्हॅक्स’ या जागतिक योजनेची पहिली खेप घानाची राजधानी आक्रा इथे उतरली. त्या सहा लाख मात्रा सीरमच्याच होत्या.

दुसऱ्या लाटेत प्राणवायूची ओढाताण झाली, तेव्हाही विमानं धावली, पण एकाच दिशेने. 24 एप्रिल 2021 रोजी हवाई दलाच्या सी-17 विमानाने पुण्याहून दोन रिकामे टँकर जामनगरला नेले. भरलेले टँकर मात्र रस्त्याने किंवा रेल्वेने परतायचे, कारण द्रवरूप प्राणवायूने भरलेली टाकी विमानातून नेणं आगीच्या दृष्टीने धोक्याचं असतं. जायचा वेळ वाचला, तेवढाच फायदा. पण त्या आठवड्यात रुग्णालयं तासांचा हिशेब करत होती.

मग विमानाच्या आत बसणं कितपत सुरक्षित? मोठ्या प्रवासी विमानात हवा डोक्यावरच्या झडपांतून येते आणि पायाशी असलेल्या जाळ्यांतून बाहेर जाते. ती पुढून मागे फारशी वाहत नाही. साधारण निम्मी हवा बाहेरून घेतलेली असते. उरलेली ‘हेपा’ फिल्टरमधून गाळून पुन्हा सोडली जाते. हे फिल्टर 0.3 मायक्रॉन आकाराचे 99.97 टक्के कण अडवतात. केबिनमधली सगळी हवा दोन-तीन मिनिटांत बदलते. एवढी हवा ना कुठल्या कार्यालयात बदलते, ना वातानुकूलित बसमध्ये. सगळ्याच छोट्या विमानांत हेपा फिल्टर असतात असं मात्र नाही.

ही यंत्रणा चालू असेल तोवर ठीक. 1977 मध्ये अलास्कात एक विमान इंजिनातल्या बिघाडामुळे जमिनीवर अडकलं. त्यात 54 माणसं होती, हवा खेळवणारी यंत्रणा बंद होती आणि एका प्रवाशाला फ्लूचा ताप होता. विमान सुमारे तीन तास तसंच उभं राहिलं. पुढच्या तीन दिवसांत 72 टक्के प्रवासी आजारी पडले. धावपट्टीवर ताटकळणाऱ्या विमानात हवा चालू ठेवा, असा आग्रह संसर्गतज्ज्ञ धरतात, त्यामागे ही घटना आहे.

यंत्रणा चालू असूनही गाफील राहिल्यास काय होतं, हे 2020 च्या मार्चमध्ये लंडनहून हनोईला गेलेल्या विमानाने दाखवलं. बिझनेस क्लासमधल्या एका खोकणाऱ्या महिला प्रवाशाकडून पंधरा जणांना लागण झाली, त्यांतले बारा तिच्याच कक्षात होते. प्रवास सुमारे दहा तासांचा होता आणि मास्क तेव्हा सक्तीचा नव्हता. फिल्टर यंत्रापर्यंत पोचलेली हवा गाळतो. शेजाऱ्याच्या तोंडातून निघून थेट आपल्या नाकाशी येणारा श्वास त्याच्या हातात नसतो. तिथे मास्कच लागतो.

मधल्या आसनाचा वाद याच मुद्द्यावर रंगला. एका वैमानिकाच्या याचिकेमुळे तो मुंबई उच्च न्यायालयात गेला. तज्ज्ञ समितीचं म्हणणं ऐकून न्यायालयाने जून 2020 मध्ये मधलं आसन भरायला परवानगी दिली, पण सुरक्षेचे नियम पाळण्याच्या अटीवर. म्हणून त्या काळात मधल्या आसनावरच्या प्रवाशाला अंगभर झगा आणि चेहऱ्यावर पारदर्शक ढाल घालून बसावं लागे. विमानातली मास्कची सक्ती 16 नोव्हेंबर 2022 पर्यंत टिकली.

हे सगळं वैरागच्या प्रवासाला लावून पाहिलं, तर क्रम उलटा लागतो. लोक विमानात शिरताना धास्तावतात आणि गाडीत बसल्यावर मास्क उतरवतात. वास्तविक काचा लावून, गाडीतलीच हवा फिरवणारा एसी चालू ठेवून सहा जण पुण्यापर्यंत चार-पाच तास बसले, तर ती हवा हेपासारख्या फिल्टरमधून जात नाही. उपाय बिनखर्ची आहे. दोन्ही बाजूंच्या काचा बोटभर उघड्या ठेवायच्या, एसी बाहेरची हवा घेईल असा लावायचा, चालकासह सगळ्यांनी मास्क लावायचा आणि पोचवायला येणाऱ्या गोतावळ्याला वेशीवरूनच निरोप द्यायचा. एका माणसाला सोडायला जीपभर माणसं जायची आपली रीत प्रेमाची आहे, पण साथीत तीच महागात पडते.

विमानतळावर सामान देणं, तपासणी आणि विमानात चढणं, या तीन ठिकाणी गर्दी दाटते. मोबाइलवर बोर्डिंग पास आधीच काढला, तर एक रांग वाचते. खिडकीची जागा मिळाली तर घ्यावी. अमेरिकेतल्या संशोधकांनी दहा विमानांत प्रवाशांच्या हालचाली टिपल्या होत्या. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात खिडकीपाशी बसलेल्यांचा इतरांशी सर्वात कमी संपर्क आला आणि मधल्या वाटेकडे बसलेल्यांचा सर्वात जास्त. डोक्यावरची हवेची झडप उघडी ठेवावी. शेजारी खात असताना आपण मास्क लावून बसावं, त्याचं झालं की आपला डबा उघडावा. विमान थांबल्याबरोबर उठून वाटेत दाटी करू नये. त्या वेळी माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि हवेचा जोरही कमी झालेला असू शकतो.

आजारातून नुकत्याच उठलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. उडत्या विमानातला हवेचा दाब जमिनीवरच्यासारखा नसतो. तो समुद्रसपाटीपासून साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवर असतो तेवढा ठेवतात. कळसूबाईची उंची 1,646 मीटर आहे. म्हणजे विमानात बसलेला माणूस श्वासापुरता महाराष्ट्रातल्या सर्वोच्च शिखराच्याही वर असतो. धडधाकट माणसाला ते जाणवत नाही. पण न्यूमोनियाने फुप्फुसं थकलेल्या आजोबांना तिकीट काढण्याआधी डॉक्टरांकडे नेऊन रक्तातला प्राणवायू तपासून घेतलेला बरा.

प्रत्येक प्रवास करायलाच हवा का, हा प्रश्नही साथीने विचारला, आणि त्याचं एक उत्तर बार्शीतच मिळालं. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणारे बार्शीचे रणजितसिंह डिसले यांना 3 डिसेंबर 2020 रोजी दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ जाहीर झाला. आधीच्या वर्षांत या सोहळ्यासाठी अंतिम फेरीतले शिक्षक विमानाने दुबईला जात. त्या वर्षी घोषणा लंडनहून झाली आणि डिसले गुरुजींनी ती घरच्यांसोबत पडद्यावर ऐकली. पुरस्काराची निम्मी रक्कम उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून देण्याचं त्यांनी तिथूनच सांगितलं. सन्मानाचं मोल त्यामुळे घटलं नाही. आईबापांचं अंत्यदर्शन, शस्त्रक्रिया किंवा नोकरीवर हजर होणं मात्र पडद्यावर भागत नाही. साथीच्या काळात आधी हा हिशेब करावा आणि मग तिकीट काढावं.

मधल्या काळात वैरागचा विमानाशी असलेला संबंधही बदलला. सोलापूर विमानतळाच्या मार्गात येणारी सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी पाडली गेली. 9 जून 2025 ला सोलापूर-गोवा आणि 15 ऑक्टोबरला सोलापूर-मुंबई विमानसेवा सुरू झाली. पुण्यापर्यंतच्या चार-पाच तासांच्या जागी आता सोलापूरचा तासाभराचा रस्ता आला. बंद गाडीतला वेळ कमी झाला, म्हणजे साथ आलीच तर प्रवाशाचा धोकाही तेवढा घटला.

पण ही सोय विषाणूलाही आहे. मार्च 2020 मध्ये पुण्यात सापडलेली साथ सोलापुरात नोंदली जायला एप्रिलचा मध्य उजाडला. तेवढ्यात जिल्ह्याला खाटा, चाचण्या, विलगीकरण यांची थोडीफार तयारी करता आली. मुंबईचं आंतरराष्ट्रीय विमानतळ थेट उड्डाणाने जोडलं गेल्यावर तेवढी उसंत पुन्हा मिळेल असं धरून चालता येणार नाही. योगायोगाने त्याच वर्षी, 19 सप्टेंबर 2025 पासून, जागतिक आरोग्य संघटनेचे सुधारित आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम लागू झाले आणि त्यांत ‘महासाथीची आणीबाणी’ हा इशाऱ्याचा नवा, वरचा टप्पा आला. असा इशारा पुढे कधी निघाला, तर मुंबईत उतरणाऱ्या प्रवाशांची बातमी सोलापूरच्या आरोग्य यंत्रणेला त्याच दिवशी स्वतःची म्हणून वाचावी लागेल, आणि विमानतळावरून बार्शी-वैरागकडे निघणाऱ्या गाड्यांच्या चालकांना मास्क आणि चाचणी मिळते का, हेही पहिल्या दिवसापासून पाहावं लागेल.