विमान नकाशावरून ‘गायब’ होतं म्हणजे नेमकं काय? कन्हानच्या गच्चीवर एक छोटा कॉम्प्युटर लावा, कळेल

“नागपूरजवळ विमान अचानक नकाशावरून गायब!” सोबत लाल गोल काढलेला स्क्रीनशॉट. असा मेसेज आला की दहा मिनिटांत तो सगळ्या ग्रुपवर फिरतो. तोवर विमान सोनेगावला उतरलेलं असतं आणि प्रवासी बॅगांची वाट बघत उभे असतात.

मग ते नकाशावरून गेलं कुठे? याचं उत्तर हा नकाशा बनतो कसा यात आहे. आणि तो कसा बनतो हे समजून घ्यायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे काही हजार रुपयांत तो स्वतःच्या घरी बनवून बघणं.

विमान स्वतःच सांगतं, “मी इथे आहे”

आजच्या बहुतेक प्रवासी विमानांत एडीएस-बी नावाची यंत्रणा असते. विमान जीपीएसवरून आपली जागा ठरवतं आणि ती साधारण दर अर्ध्या सेकंदाला १०९० मेगाहर्ट्झवर जाहीर करतं. सोबत उंची, वेग, दिशा आणि फ्लाइटचं नावही असतं. प्रत्येक विमानाचा एक कायमचा ओळख क्रमांकही त्यात असतो. भारतात नोंदलेल्या विमानांचा हा क्रमांक ८० ने सुरू होतो.

हा संदेश कुलूपबंद नसतो. रेडिओवर आकाशवाणी लागते तसा तो योग्य रिसीव्हर असलेल्या कोणालाही ऐकू येतो.

मग नकाशा कोण बनवतं?

अनेकांना वाटतं की हे सगळं सॅटेलाइटवरून दिसतं. समुद्रावर आणि वाळवंटात सॅटेलाइटची मदत होतेच. पण फ्लाइटरडार२४ किंवा फ्लाइटअवेअरवर दिसणारी बरीचशी माहिती जगभरच्या सामान्य लोकांनी घरांवर लावलेल्या रिसीव्हरमधून येते. त्यांच्या घरातला छोटा डबा विमानांचे संदेश ऐकतो आणि इंटरनेटवरून पुढे पाठवतो. बदल्यात या कंपन्या आपली पैसे देऊन मिळणारी सेवा त्यांना फुकट वापरू देतात.

हे स्वस्तात जमलं ते २०१२ च्या आसपास. कॉम्प्युटरवर टीव्ही बघण्यासाठी बनवलेल्या एका स्वस्त डोंगलमधून इतर रेडिओ लहरीही पकडता येतात, हे तेव्हा हौशी मंडळींच्या लक्षात आलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा कॉम्प्युटर बाजारात आला. पुढे इटलीचे प्रोग्रामर साल्वातोरे सॅनफिलिप्पो यांनी डोंगलमधून विमानांचे संदेश वाचणारं ‘डंप१०९०’ हे मोफत सॉफ्टवेअर लिहिलं. आजही बहुतेक घरगुती रिसीव्हर त्याच्याच सुधारित आवृत्त्यांवर चालतात.

कन्हानमधून काय दिसेल?

नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचा फायदा विमानसेवेनं फार आधी ओळखला होता. १९४९ साली रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली तेव्हा दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री नागपुरात एकत्र यायची, टपालाची अदलाबदल करायची आणि परत फिरायची. आजही दिल्लीहून दक्षिणेकडे आणि मुंबईहून कोलकात्याकडे जाणारी बरीच विमानं याच भागावरून जातात.

कन्हान ते नागपूर विमानतळ हे सरळ रेषेत साधारण २३ किलोमीटर. पण खरी गंमत वरून जाणाऱ्या विमानांची आहे. या लहरी सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे. त्यामुळे विमान जितकं उंच तितकं ते लांबून ऐकू येतं. ३५ हजार फुटांवरचं विमान कागदोपत्री ४०० किलोमीटरवरूनही पकडता येतं. प्रत्यक्षात गच्चीवर चांगला अँटेना असेल तर २०० ते ३०० किलोमीटर धरा. म्हणजे जबलपूर आणि रायपूरवरची विमानं कन्हानच्या घरात दिसू शकतात.

काय काय लागेल?

• रास्पबेरी पाय ३, ४ किंवा झिरो २ डब्ल्यू आणि त्याचा चांगला चार्जर. मोबाइलचा जुना चार्जर बऱ्याचदा कमी पडतो.
• १६ जीबी किंवा त्याहून मोठं मेमरी कार्ड.
• आरटीएल-एसडीआर प्रकारचं यूएसबी डोंगल.
• १०९० मेगाहर्ट्झचा अँटेना आणि केबल. डिश टीव्हीची आरजी-६ केबलही चालते.

या लहरीची लांबी साधारण साडेसत्तावीस सेंटिमीटर असते. तिचा चौथा हिस्सा ६.९ सेंटिमीटर. डोंगलसोबत चुंबकाच्या बुडाचा छोटा अँटेना आला असेल तर त्याची काडी या मापाची करा आणि तो स्टीलच्या डब्याच्या झाकणावर उभा ठेवा. सुरुवातीला एवढं पुरतं.

विजेचा खर्च नगण्य आहे. सगळं मिळून ५ वॅट धरले, तरी महिनाभर चोवीस तास चालवून चारेक युनिट होतात.

सॉफ्टवेअर कसं टाकायचं?

नवख्यांसाठी फ्लाइटअवेअरचं ‘पायअवेअर’ सोपं पडतं. यात ऑपरेटिंग सिस्टीम आणि सॉफ्टवेअर एकत्रच येतं.

१. लॅपटॉपवर पायअवेअरची इमेज डाउनलोड करा आणि रास्पबेरी पाय इमेजर या प्रोग्रामनं मेमरी कार्डवर लिहा.
२. कार्डवर सेटिंगची एक साधी मजकूर फाइल दिसेल. त्यात घरच्या वायफायचं नाव आणि पासवर्ड टाका. राउटरला थेट केबल लावणार असाल तर याची गरज नाही.
३. कार्ड पायमध्ये घाला, डोंगल आणि अँटेना जोडा, मग वीज चालू करा. काही मिनिटं थांबा.
४. राउटरच्या पानावर पायचा आयपी पत्ता शोधा. त्याच वायफायवरच्या मोबाइलच्या ब्राउझरमध्ये तो टाका. रिसीव्हरची स्थिती आणि नकाशाची लिंक तिथे मिळेल.
५. फ्लाइटअवेअरवर खातं उघडून रिसीव्हर आपल्या नावावर करा. अँटेनाची जागा आणि उंची अचूक भरा.

विमान दिसत नसेल तर आधी अँटेना खिडकीतून गच्चीवर न्या. जवळ मोबाइल टॉवर असेल तर त्याचे जोरदार सिग्नल डोंगलला गोंधळात टाकतात. अशा वेळी १०९० चा फिल्टर लावावा लागतो.

आपल्याकडचं ऊन, वीज आणि पतंग

गच्चीवर फक्त अँटेना ठेवा. कॉम्प्युटर घरात, सावलीत असू द्या. मे महिन्यातल्या ४५ अंशांत टिनाच्या शेडखाली ठेवलेला पाय तापून मंद होतो. लाइट वारंवार जात असेल तर मेमरी कार्ड खराब होऊ शकतं, म्हणून राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस लावा. आकाशात विजा दिसू लागण्याआधीच अँटेनाची केबल काढून ठेवा. संक्रांतीला केबलवर मांजा अडकला नाही ना, हेही बघा.

आता त्या ‘गायब’ विमानाचं उत्तर

विमान उतरायला खाली आलं की ते तुमच्या रिसीव्हरच्या क्षितिजाखाली जातं. कन्हानच्या गच्चीवरून सोनेगावच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमान जवळपास ऐकूच येणार नाही. आसपास दुसरा रिसीव्हर नसेल तर ते नकाशावरून जातं. त्या जागी कोणी ऐकणारा नव्हता, एवढाच याचा अर्थ.

उलटही खरं आहे. नकाशावर काही दिसत नाही म्हणजे आकाश रिकामं आहे असं नाही. लष्करी विमानं अनेकदा आपली जागा सांगत नाहीत.

आणि नकाशावर दिसलेलं दर वेळी खरंच असतं का? तेही नाही. विमान आपली जागा जीपीएसवरून सांगतं, त्यामुळे जीपीएसला खोटे सिग्नल मिळाले तर नकाशावरची जागाही खोटी ठरते. याच धोक्याबद्दल डीजीसीएनं नोव्हेंबर २०२३ मध्ये विमान कंपन्यांना सूचना दिल्या होत्या. इथे घरगुती रिसीव्हर कामी येतात. एकच संदेश चार किंवा जास्त ठिकाणी किती फरकानं पोचला, यावरून जीपीएसशिवाय विमानाची जागा काढता येते. याला एमएलएटी म्हणतात. त्यासाठी रिसीव्हर जवळजवळ हवेत, म्हणून कन्हानसारख्या गावातला एक रिसीव्हरही मोलाचा.

७७०० हा कोड दिसला की विमान संकटात असल्याचं पायलटनं कळवलं आहे, एवढंच समजा. विमान पडलं असा त्याचा अर्थ नाही. मार्ग बदलण्याचंही तसंच. ऑगस्ट २०२१ मध्ये मस्कतहून ढाक्याला जाणाऱ्या बिमान बांगलादेशच्या विमानात पायलटला हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकानं विमान नागपुरात सुखरूप उतरवलं. पुढे त्या पायलटचं नागपुरातच निधन झालं. नकाशावर ही फक्त वळलेली एक रेषा दिसते. कारण नकाशा सांगत नाही.

लावण्याआधी आणि शेअर करण्याआधी

• रेडिओ उपकरणांचे नियम दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा बघते. खरेदीआधी सध्याचा नियम तिथून तपासा.
• पायचा मूळ पासवर्ड बदला आणि राउटरमधून बाहेरच्यांसाठी वाट उघडू नका.
• तुमच्या नकाशावर रिसीव्हरची जागा, म्हणजे तुमचं घर दिसतं. स्क्रीनशॉट टाकण्याआधी ते कापा.
• लष्करी हालचाल वाटली तर पोस्ट करू नका. कामठीची छावणी शेजारीच आहे.
• ‘गायब’ विमानाचा मेसेज आला तर शेवटची नोंदलेली उंची बघा. ती विमानतळाजवळ हळूहळू कमी होत गेली असेल तर विमान बहुधा उतरलं आहे. मेसेज तिथेच थांबवा.