छपरावरचे ऊन आणि घरचा हिशेब

वैशाखातील एक दुपार ज्याने पांढुर्ण्यात काढली आहे, त्यास सूर्याच्या सामर्थ्याविषयी अधिक सांगावयास नको. जाम नदीचे पात्र आटते, संत्र्यांच्या बागांना पाण्याची चिंता लागते आणि घराचे छप्पर दिवेलागणीपर्यंत तापलेले राहते. हेच ऊन आता काही छपरांवर निळ्या-काळ्या तावदानांतून वीज देऊ लागले आहे. ही सौर तावदाने आपल्या घरी बसवावीत की नाही, हा प्रश्न त्यामुळे घरोघरी निघतो. एक म्हणतो, वीज फुकट मिळते. दुसरा म्हणतो, पैसे पाण्यात जातात. आम्हांस वाटते की, दोघांचेही ऐकून घ्यावे आणि मग पाटी-पेन्सिल घेऊन स्वतः हिशेब मांडावा.

प्रथम ही वीज उत्पन्न कशी होते ते पाहू. प्रकाशापासून विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हे फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेल यांनी १८३९ मध्ये दाखविले. परंतु सिलिकॉनचा उपयुक्त घट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५४ मध्ये तयार झाला. तो प्रकाशाचा सुमारे ६ टक्के भागच विजेत रूपांतरित करी. आजची तावदाने २० टक्क्यांच्या आसपास करतात. तावदानातून निघणारा प्रवाह एकाच दिशेने वाहतो. इन्व्हर्टर त्यास घरात वापरण्याजोगे रूप देतो. दिवसा उरलेली वीज तारेतून मंडळाकडे जाते, रात्री आपण तिकडून घेतो आणि दोहोंची वजाबाकी एक विशेष मीटर ठेवतो.

एक किलोवॉट क्षमतेच्या संचास सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. तो दिवसाला सरासरी ४ युनिट वीज देतो. पावसाळ्यात हे प्रमाण घटते, हे उघड आहे. परंतु कडक उन्हाळ्यातही थोडी घट होते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तावदानास प्रकाश हवा असतो, उष्णता नव्हे. २५ अंशांच्या वर प्रत्येक अंशास त्याची शक्ती साधारण ०.३ ते ०.४ टक्के कमी होते. तावदान ६० अंशांपर्यंत तापले, तर दहा ते चौदा टक्के वीज गेलीच म्हणून समजावे.

आता खर्चाकडे वळू. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘पीएम सूर्य घर : मुफ्त बिजली योजना’ सुरू केली. तीत १ किलोवॉटला ३०,००० रुपये, २ किलोवॉटला ६०,००० रुपये आणि ३ किलोवॉट वा त्याहून मोठ्या संचास ७८,००० रुपये अनुदान ठरले. अनुदानासाठी पायाभूत धरलेली किंमत १ किलोवॉटला ५०,००० आणि ३ किलोवॉटला १,४५,००० रुपये अशी होती. प्रत्यक्ष बाजारात किंमत याहून अधिक पडू शकते.

दोन घरे कल्पनेने समोर ठेवू. पहिल्या घरी पंखे, कूलर, फ्रीज व पाण्याचा पंप आहे. महिन्याला ३०० युनिट वीज लागते. युनिटला ७ रुपये धरले, तर २,१०० रुपये होतात. ३ किलोवॉटचा संच महिन्याला सरासरी ३६० युनिट देईल, म्हणजे ही सारी गरज भागेल. अनुदान वजा जाता खर्च ६७,००० रुपये आणि वर्षाची बचत सुमारे २५,००० रुपये. म्हणजे तीन वर्षांच्या आत पैसा परत! संच १,८०,००० रुपयांस पडला, तरी चार-साडेचार वर्षे पुरतात. कर्ज काढल्यास व्याज मात्र वेगळे.

दुसरे घर लहान आहे. दोन दिवे, दोन पंखे, एक दूरदर्शन संच. महिन्याला १०० युनिट. मध्य प्रदेशात २०२५ साली चालू असलेल्या अटल गृह ज्योती योजनेनुसार, महिन्याचा वापर १५० युनिटांपर्यंत असल्यास पहिल्या १०० युनिटांस अवघे १०० रुपये पडत. या घराने १ किलोवॉटचा संच घेतला, तर अनुदान वजा जाताही २०,००० रुपये घालावे लागतील आणि वाचतील वर्षाला फार तर १,२०० रुपये. पैसा परत येण्यास सोळा वर्षांहून अधिक काळ लागेल! ऊन दोन्ही छपरांवर सारखेच पडते. लाभ मात्र सारखा नाही.

आणखी काही गोष्टी जाहिरातीत सहसा येत नाहीत. मंडळाची वीज गेली की तारेला जोडलेला साधा संचही भर उन्हात बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या लाइनमनला आपल्या छपरावरच्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून ही योजना केलेली असते. अंधार टाळावयाचा तर बॅटरी हवी, आणि तिचा खर्च निराळा. तावदाने २५ वर्षे टिकतात, परंतु इन्व्हर्टर बहुधा मध्येच बदलावा लागतो. धूळ वरचेवर पुसावी लागते. जुने कवेलूचे छप्पर हा भार सोसेल की नाही, हे जाणत्याकडून आधी तपासून घ्यावे.

तथापि सर्वच लाभ रुपयांत मोजता येत नाहीत. शेजारच्या बैतूल जिल्ह्यातील बाचा या खेड्यात २०१८ च्या अखेरीस सर्व ७४ घरांत सौर विजेच्या चुली आल्या. मुंबईच्या आय.आय.टी.ने त्यांची रचना केली होती आणि खर्च बाहेरील साहाय्यातून झाला होता. रानातून डोक्यावर मोळी आणण्याचे कष्ट आणि स्वयंपाकघरातील धूर यांची किंमत कोणत्या देयकात लिहिणार? ज्या घरास वीज स्वस्त पडते, त्याने संच घ्यावा की नाही हे अशा लाभांकडे पाहूनच ठरवावे लागेल.

म्हणून आमचे सांगणे इतकेच. विद्यार्थ्यांनी घरची मागील बारा महिन्यांची विजेची देयके काढावीत, युनिटांची बेरीज करावी, छप्पर मोजावे, सावली कोठे व केव्हा पडते ते पाहावे आणि मग वडीलधाऱ्यांसमोर हिशेब ठेवावा. ऊन फुकट आहे. ते पकडण्याचे साधन फुकट नाही. हा भेद ज्या घराने ओळखला, ते होकार देवो वा नकार, फसणार नाही.