एक ठेका, अनेक गळे

आज जमैका बेटावरच्या एका ठेक्याची गोष्ट सांगते.

तिथल्या रेगे गाण्यातून गायकाचा आवाज बाजूला काढला, की मागे उरतात ड्रम, बास गिटार आणि अधूनमधून तुटक वाजणारी गिटार किंवा ऑर्गन. या उरलेल्या वाजवण्याला तिथले लोक ‘रिडिम’ म्हणतात. ‘रिदम’ या शब्दाचाच हा त्यांचा उच्चार. एका रिडिमवर कितीही जणांनी आपापलं गाणं म्हणावं, अशी तिथली रीतच आहे. जात्यावरच्या ओवीची चाल एक आणि शब्द जिचे तिचे, तसंच काहीसं.

१९६७ साली ॲल्टन एलिस या गायकानं किंग्स्टनच्या ‘स्टुडिओ वन’मध्ये ‘आयम स्टिल इन लव्ह विथ यू’ हे प्रेमगीत गायलं. दहा वर्षांनी जो गिब्ज या निर्मात्यानं तोच ठेका नव्यानं वाजवून घेतला. त्यावर मार्शिया एटकेननं ते गीत बाईच्या बाजूनं गायलं. मग ट्रिनिटी नावाच्या गायकानं त्याच ठेक्यावर आपल्या सुटाबुटाची बढाई मारली.

या बढाईला उत्तर दिलं दोन तरुण मुलींनी, अल्थिया फॉरेस्ट आणि डोना रीड यांनी. ठेका तोच, पण ऐट आमची! ‘अपटाउन टॉप रँकिंग’ हे त्यांचं गाणं फेब्रुवारी १९७८ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं. पुढे २००४ मध्ये शॉन पॉल आणि साशा यांचं याच ठेक्यावरचं गाणंही जगभर वाजलं.

आता बघा, नवीन चाल बांधायची, वादक बोलवायचे, स्टुडिओचं भाडं भरायचं, म्हणजे खर्च आला. ठेका तयार असला की फक्त आवाज भरायचा. शिवाय नाचायला आलेल्या लोकांना तो आधीच पाठ असतो, त्यामुळे कान सरळ शब्दांकडे जातात. म्हणून तर पुरुषाच्या बढाईला मुलींचं उत्तर इतकं चपखल बसलं.

पण याला दुसरी बाजूही आहे. त्या काळी वादकांना बहुतेक वेळा वाजवल्या दिवसाची मजुरी मिळे आणि काम संपे. ठेका मात्र वर्षानुवर्षं दुसऱ्यांना कमाई करून देत राही. जमैकानं स्वतःचा नवा कॉपीराइट कायदा लागू केला तो १९९३ मध्ये. तोवर कितीतरी ठेके जगभर फिरून आले होते. सगळ्यांनी मिळून वापरायची वस्तू असली, तरी ती घडवणाऱ्याचा वाटा आधीच ठरलेला बरा.

ही गाणी मिळाली तर एकापाठोपाठ एक ऐका. आधी शब्द सोडून नुसत्या बासकडे कान द्या. ती ओळखीची झाली, की मग कोण कुणाला काय सुनावतंय ते ऐकायला खरी मजा येईल.