रांगेतली जागा आणि माणसाची किंमत

दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच कित्येक घरांत ‘कॅट’ची काळजी सुरू होते. अहमदाबाद, नागपूर, मुंबई येथील भारतीय व्यवस्थापन संस्थांत शिरायचे तर नोव्हेंबरअखेरची ही परीक्षा चुकत नाही. भाषा, तर्क आणि गणित असे तीन भाग. प्रत्येकाला ४० मिनिटे. उत्तर बरोबर आले तर ३ गुण. पर्यायी प्रश्नाचे चुकले तर १ वजा. मग येते ‘पर्सेंटाइल’! ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरापैकी ९९ गुण नव्हेत. शेकडा ९९ परीक्षार्थी मागे राहिले, एवढाच त्याचा अर्थ. ती रांगेतली जागा झाली.

या पद्धतीचे मूळ अमेरिकेत. निरनिराळ्या विद्यापीठांचे पदवीधर एकाच तराजूत तोलावेत, म्हणून १९५४ साली तेथे अशी चाचणी सुरू झाली. तीच पुढे ‘जीमॅट’ म्हणून प्रसिद्धीस आली. हेतू चांगलाच होता. यंत्राला आडनाव दिसत नाही की वशिला समजत नाही. हा गुण लहान नव्हे.

परंतु फूटपट्टी एकच असली, तरी सर्वांची वाट सारखी नसते. ‘कॅट’ची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुली माझ्या वर्गात असतात. इंग्रजी उतारा त्यांना समजतो, पण दोनदा वाचावा लागतो. आणि येथे दोनदा वाचायला सवड कुठली? तेव्हा मोजली जाते ती बुद्धी किती आणि सवय किती? शिवाय शिकवणीवर्गाची फी प्रत्येक घराला थोडीच झेपते!

परीक्षा खरी ठरली की नाही, हेही पडताळणे कठीण. प्रवेश मिळालेल्यांची पुढची प्रगती पाहता येते; पण दारातून परतलेल्यांनी आत काय केले असते, हे कोण सांगणार? पेटीत भरलेल्या आंब्यांवरून बाजूला काढलेल्यांची गोडी कळत नाही.

संस्था शाळा-कॉलेजचे गुण, नोकरीचा अनुभव, मुलाखत हेही पाहतात, हे खरे. पण मुलाखतीपर्यंत पोहोचायला आधी ‘कॅट’ची पायरी चढावी लागते. ती पायरी जरूर असावी. मात्र दशांशाच्या फरकावर कुणाला हुशार नि कुणाला सामान्य ठरवू नये. निदान निकालाच्या दिवशी आईबापांनी तरी!